येशूच्या ऐतिहासिक शोधातील ‘विसदृशतेचा निकष’ : एक परीक्षण

१

नासरेथकर येशू ही व्यक्ती इतिहासात होऊन गेली काय, हा प्रश्न आज अभ्यासकांत फारसा वादाचा राहिलेला नाही. इ. स. ९३-९४ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या यहूदी इतिहासात जोसेफस याने येशूचा भाऊ याकोब याच्या वधाची हकीकत दिली आहे. इ. स. ११६ च्या सुमारास रोमन इतिहासकार टॅसिटस याने सम्राट तिबेरियसच्या कारकीर्दीत पंतय पिलाताच्या हुकुमाने ख्रिस्ताला देहान्त शासन झाल्याची नोंद केली आहे. खुद्द पिलाताचे नाव व अधिकारपद कोरलेला शिलाखंडही १९६१ साली कैसरिया येथील उत्खननात सापडला.

खरा वाद निराळा आहे. येशूची वचने व कृत्ये ज्यांत ग्रथित झाली ती चार शुभवर्तमाने सामान्यतः इ. स. ७० ते १०० या काळातील मानली जातात. येशूची बोलभाषा अरामी, तर शुभवर्तमानांची भाषा ग्रीक. ती श्रद्धावंतांनी श्रद्धावंतांसाठी लिहिली. मधल्या चाळीस ते सत्तर वर्षांत येशूची वचने तोंडोतोंडी फिरली, उपदेशात वापरली गेली, आणि नव्या मंडळ्यांपुढील अडचणींना उत्तर म्हणून त्यांना वेळोवेळी निराळे वळणही मिळाले. अशा स्थितीत येशूचे कोणते व मंडळीचे कोणते, हे कसे ठरवावयाचे? या निवडीसाठी विसाव्या शतकातील पंडितांनी काही निकष सिद्ध केले. त्यांपैकी ज्याला सर्वांत कठोर व म्हणून सर्वांत विश्वसनीय मानले गेले, तो म्हणजे ‘विसदृशतेचा निकष’. जे वचन तत्कालीन यहूदी विचाराशी जुळत नाही आणि आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीच्या विचाराशीही जुळत नाही, तेवढेच निःशंकपणे येशूचे मानावे, असे त्याचे स्वरूप आहे.

या निकषाचा उदय कसा झाला, त्याने प्रत्यक्षात काय निवडले व काय टाकले, आणि अखेर तो का मागे पडला, याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. निष्कर्ष आरंभीच सांगावयाचा तर असा : निःपक्षपाती चाळणी म्हणून पुढे आलेल्या या साधनात त्याचे उत्तर आधीच दडलेले होते. आपल्या लोकांपासून तुटलेला येशू हा या चाळणीने शोधून काढला नाही. तो तिच्या रचनेतूनच निर्माण झाला.

२

या शोधाचा आरंभ हॅम्बुर्ग येथील पौर्वात्य भाषांचे अध्यापक हेरमान झामुएल राइमारुस (१६९४-१७६८) यांच्यापासून मानण्याची प्रथा आहे. त्यांचे लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. लेसिंगने १७७४ ते १७७८ या काळात लेखकाचे नाव न देता त्याचे काही अंश छापले. येशूने स्वतः काय शिकविले आणि शिष्यांनी पुढे काय शिकविले, या दोहोंत भेद केला पाहिजे, हे राइमारुस यांचे मूलभूत प्रतिपादन होय. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्यांच्या मते येशू हा सर्वस्वी यहूदी अपेक्षांच्या जगातला पुरुष होता. भेद होता तो येशू व शिष्य यांत. येशू व यहूदी धर्म यांत नव्हे.

एकोणिसाव्या शतकात हा तोल बदलला. डाव्हिड फ्रीडरिख श्ट्राउस याने १८३५-३६ साली शुभवर्तमानांतील कथांचे पुराणकथा म्हणून विवेचन केले व त्यापायी त्याला आपले पद गमवावे लागले. १८६३ साली एर्नेस्त रेनाँचे येशूचरित्र निघाले. हिरव्यागार गालीलातील कोमल उपदेशक एका बाजूस आणि रुक्ष, कर्मठ यरुशलेम दुसऱ्या बाजूस, अशी त्याची मांडणी आहे. या मांडणीत भूगोलाच्या आडून येशूला त्याच्या धर्मापासून दूर नेण्याची क्रिया सुरू झालेली दिसते. बर्लिनचे आडोल्फ फॉन हार्नाक यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत देवाचे पितृत्व व मानवी आत्म्याचे अमोल मूल्य हे येशूच्या उपदेशाचे सार म्हणून सांगितले. यहूदी तपशील हा त्यांच्या लेखी टरफलासारखा होता.

आल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६ साली या सर्व परंपरेचा आढावा घेऊन दाखवून दिले की, प्रत्येक चरित्रकाराला येशूच्या ठिकाणी आपल्याच काळाचा आदर्श पुरुष सापडला आहे. हार्नाक यांना उद्देशून कॅथलिक विचारवंत जॉर्ज टिरेल यांनी १९०९ साली हीच टीका विहिरीच्या रूपकाने केली : खोल विहिरीच्या तळाशी जो चेहरा दिसतो तो वाकून पाहणाऱ्याचाच असतो. हे रूपक पुष्कळदा श्वाइट्झर यांच्या नावावर खपविले जाते. वस्तुतः ते टिरेल यांचे आहे. या टीकेचा परिणाम मोठा झाला. चरित्रकाराच्या आवडीनिवडीला वाव न देणारी एखादी काटेकोर पद्धती असली पाहिजे, अशी गरज भासू लागली. निकषांचा जन्म या गरजेपोटी झाला.

३

१९१९ साली कार्ल लुडविख श्मिट व मार्टिन डिबेलिउस यांनी, व १९२१ साली रुडोल्फ बुल्टमान यांनी, शुभवर्तमानांतील सामग्री लहान लहान मौखिक घटकांत विभागून प्रत्येक घटकाचा मंडळीच्या जीवनात कोणता उपयोग होता हे पाहण्याची पद्धती रूढ केली. मार्काने दिलेला घटनाक्रम म्हणजे सुट्या मण्यांना जोडणारा दोरा; मणी जुने, दोरा नवा. या पद्धतीमुळे सलग चरित्र लिहिण्याची आशा मावळली. बुल्टमान यांना त्याचे फारसे दुःख नव्हते, कारण त्यांच्या मते श्रद्धेला इतिहासाच्या पुराव्याचा आधार लागत नाही. तथापि येशूचे अस्सल दृष्टान्त कसे ओळखावेत याचा विचार करताना त्यांनीही यहूदी नीतिविचाराशी असलेला विरोध व खास ख्रिस्ती छटांचा अभाव या दोन खुणा सांगितल्या होत्या.

त्यांचेच शिष्य एर्न्स्ट केझेमान यांनी २० ऑक्टोबर १९५३ रोजी मारबुर्गच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानात गुरूच्या उदासीनतेला आव्हान दिले. श्रद्धेचा ख्रिस्त व इतिहासातील येशू यांचा संबंधच तोडला, तर श्रद्धा ही केवळ कल्पना होऊन बसेल, ही त्यांची भीती रास्त होती. मग खात्रीची भूमी कोठे मिळणार? जेथे परंपरेचा उगम यहूदी धर्मात दाखविता येत नाही आणि ती मंडळीच्याही पदरी घालता येत नाही, तेथे, असे त्यांचे उत्तर होते. यातून शोधाचे दुसरे पर्व सुरू झाले. १९५६ साली ग्युंटर बोर्नकाम यांचे येशूवरील पुस्तक आले, आणि १९६७ साली नॉर्मन पेरिन यांनी या निकषाला सर्व पद्धतीचा पाया म्हणून मान्यता दिली. अनेक स्वतंत्र साधनांत आढळणे, मंडळीला अडचणीचे असणे, आधी सिद्ध झालेल्या सामग्रीशी सुसंगत असणे, हे इतर निकष त्याच्या भोवती उभे राहिले.

४

या निकषाचे तर्कशास्त्र वरवर पाहता निर्दोष वाटते. मंडळीने रचलेले वचन मंडळीच्या मतासारखे असणार. लोकांत प्रचलित असलेले वचन येशूच्या नावावर चुकून चढले असण्याचा संभव असणार. म्हणून दोन्ही वगळावीत. परंतु १९७१-७२ साली मोर्ना हूकर यांनी दोन लेखांत या युक्तिवादाची जी चिकित्सा केली तिला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. त्यांच्या आक्षेपांचा आशय दोन मुद्द्यांत मांडता येतो. पहिला असा की, एखादे वचन यहूदी विचाराशी विसदृश आहे असे म्हणताना, त्या विचाराचे आज जे ज्ञान उपलब्ध आहे त्याच्याशी ते विसदृश आहे, एवढेच सिद्ध होते. दुसरा असा की, एखाद्या पुरुषाचे जे निराळेपण, तेच त्याचे वैशिष्ट्य असे नव्हे. शिक्षकाच्या शिकवणीतील मध्यवर्ती गोष्टी बहुधा त्याच्या परंपरेतून आलेल्या असतात व त्याच्या शिष्यांनी उचललेल्याही असतात. नेमक्या त्याच गोष्टी ही चाळणी बाहेर टाकते.

पहिल्या मुद्द्याचे प्रत्यंतर घटस्फोटाविषयीच्या वचनात मिळते. मोशेच्या नियमशास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात सूटपत्र देऊन पत्नीला सोडण्याची तरतूद आहे. ती कोणत्या कारणास्तव वापरावी यावर शम्मय व हिल्लेल यांच्या संप्रदायांत मतभेद होते, हे मिश्नावरून कळते. मार्काच्या १० व्या अध्यायात येशू या तरतुदीच्या मागे जाऊन ‘उत्पत्ती’तील नरनारींच्या निर्मितीचा आधार घेतो व घटस्फोटच अमान्य करतो. मिश्ना एवढेच यहूदी साहित्य समोर ठेवले तर हे वचन विसदृश ठरून अस्सल म्हणून स्वीकारले जाईल. पण कैरो येथील जुन्या सभास्थानाच्या ग्रंथभांडारात सापडलेला व १९१० साली शेख्टर यांनी प्रसिद्ध केलेला दमास्कस लेख समोर ठेवला की चित्र पालटते. त्यातही एका पुरुषाने हयातीत दोन स्त्रिया करण्याचा निषेध ‘उत्पत्ती’तील त्याच वचनाच्या आधारे केलेला आहे. हा निषेध बहुपत्नीत्वापुरता की घटस्फोटानंतरच्या विवाहालाही लागू, याविषयी मतभेद आहेत. आधारवचन मात्र तेच आहे. १९४७ पासून मृत समुद्राच्या काठी मिळालेल्या गुंडाळ्यांत या लेखाचे आणखी तुकडे निघाले. तेव्हा ग्रंथालयात एका हस्तलिखिताची भर पडताच तेच वचन परीक्षेत उतरेनासे होते. शिवाय मंडळीही हीच शिकवण देत होती, त्यामुळे दुसऱ्या अंगानेही ते नापास ठरते.

वस्तुस्थिती अशी की, येशूच्या वचनांत इतका भक्कम पुरावा असलेली वचने थोडीच आहेत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, म्हणजे सर्व शुभवर्तमानांच्या आधी, पौलाने ते प्रभूची आज्ञा म्हणून उद्धृत केले आहे व आपले स्वतःचे मत त्यापासून काळजीपूर्वक वेगळे ठेवले आहे. मत्तयाने त्यात अपवाद घातला, म्हणजे मंडळीला ते जड जात होते. एवढे साक्षीदार असताना जी पद्धती त्या वचनाला संशयित ठरविते, तिच्या कठोरपणाचे मोल काय, असा प्रश्न उपस्थित होतो.

दुसरे उदाहरण मार्काच्या ७ व्या अध्यायातील विटाळाविषयीच्या वचनाचे. माणसाला बाहेरून आत जाणारे नव्हे, तर आतून निघणारे विटाळविते, या आशयाच्या वचनात केझेमान यांना येशूने मोशेचे नियमशास्त्र मोडीत काढल्याचा पुरावा दिसला, आणि विसदृशतेमुळे ते त्यांना अस्सल वाटले. आता हा अर्थ खरा मानला तर पुढच्या इतिहासाचा उलगडा होत नाही. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखिया येथील प्रसंग आहे : परराष्ट्रीय बांधवांच्या पंक्तीला बसणारा पेत्र याकोबाकडील माणसे येताच मागे सरला, आणि पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. येशूने अन्नाचे सर्व नियम उघडपणे रद्द केले असते, तर त्याच्या निकटच्या शिष्याला असा संकोच का पडावा? आणि पौलाने आपल्या युक्तिवादात हे हुकमी वचन का वापरू नये? ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातही पेत्राला याबाबतचा बोध दृष्टान्तातूनच व्हावा लागतो. एकंदरीत, सर्व अन्ने शुद्ध ठरविल्याचा अर्थ मार्काच्या निवेदकाने जोडला असावा, आणि मूळ वचनातील ‘हे नव्हे, तर ते’ ही रचना ‘त्यापेक्षा हे अधिक’ अशा अर्थाची असावी, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. यज्ञ नको, दया हवी, अशा धर्तीचे बोलणे होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथातही आहे. त्यावरून होशेयाने यज्ञसंस्था रद्द केली असे कोणी म्हणत नाही.

या निकषाच्या पुरस्कर्त्यांचे एक समर्थन येथे नमूद करणे न्याय्य होईल. त्यांचे म्हणणे असे की, या चाळणीतून केवळ किमान सामग्री मिळते. संपूर्ण येशू मिळतो असा दावा नाही. परंतु व्यवहारात ही किमान सामग्रीच सांगाडा बनली. तिच्याशी सुसंगत असेल तेवढेच पुढे स्वीकारावयाचे, असा सुसंगतीचा निकष असल्यामुळे पहिल्या चाळणीचा कल पुढील प्रत्येक पायरीत उतरत गेला.

५

हा कल केवळ तर्कदोष म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याला एक भीषण पूर्वेतिहास आहे. मे १९३९ मध्ये जर्मनीतील आयझेनाख येथे, जर्मन धर्मजीवनातून यहूदी प्रभावाचा शोध घेऊन तो नाहीसा करण्याच्या उघड उद्देशाने एक संस्था स्थापन झाली. तिचे शास्त्रीय नेतृत्व येना विद्यापीठातील नव्या कराराचे प्राध्यापक वाल्टर ग्रुंडमान यांच्याकडे होते. १९४० साली या संस्थेने यहूदी संदर्भ छाटलेला नवा करार प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ग्रुंडमान यांनी आपल्या ग्रंथात येशू बहुधा यहूदी नव्हताच, असे प्रतिपादन केले. गालील प्रदेश अश्शुरी आक्रमणानंतर परकीयांनी वसविला व तेथील लोकांना हास्मोनी राजांनी बळाने यहूदी केले, हा त्यांचा मुख्य आधार. रेनाँच्या काव्यमय गालीलाचा हा वांशिक अवतार होता. सुसॅना हेशेल यांनी २००८ साली या संस्थेचा साधार इतिहास प्रसिद्ध केला. युद्धानंतरही ग्रुंडमान यांची विद्वत्ता बाद झाली नाही. १९५९ पासून मार्क, लूक व मत्तय यांवरील त्यांची भाष्ये निघाली व वापरली गेली.

येथे घाईने निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. केझेमान हे ग्रुंडमान यांच्या पंथाचे नव्हते. नाझी राजवटीला विरोध करणाऱ्या चर्चगटात ते होते व १९३७ साली एका प्रवचनापायी त्यांना काही आठवडे कैद भोगावी लागली होती. म्हणूनच हे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. हेतू शुद्ध असूनही, युद्धानंतर अवघ्या आठ वर्षांनी, यहूदी असणे हेच वचनाच्या अस्सलपणाविरुद्धचे कारण मानणारे साधन सुचविले गेले आणि त्यात काही विपरीत आहे असे त्या श्रोतृवर्गाला वाटल्याचे दिसत नाही. व्यक्तीच्या पूर्वग्रहाला आळा घालण्यासाठी जी पद्धती रचली, तिच्यात सबंध विद्याशाखेचा पूर्वग्रह शिरला होता. कर्मठ, निर्जीव, केवळ नियमांना चिकटलेला असा यहूदी धर्म पार्श्वभूमीला गृहीत धरल्यावाचून ‘विसदृश’ या शब्दाला धारच येत नव्हती.

६

या गृहीताला आव्हान प्रथम यहूदी पंडितांकडून मिळाले होते. योसेफ क्लाउझनर यांचे येशूवरील हिब्रू पुस्तक १९२२ साली यरुशलेमात निघाले. पुढे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे अभ्यासक गेझा व्हर्मेश यांनी १९७३ साली आपल्या ग्रंथाच्या नावातच येशूचे यहूदीपण ठेवले व होनी, हनीना बेन दोसा या प्रार्थनेने पाऊस पाडणाऱ्या व रोग बरे करणाऱ्या सत्पुरुषांच्या मालिकेत त्याला पाहिले. ई. पी. सँडर्स यांनी १९७७ साली यहूदी धर्माच्या रूढ विपर्यस्त चित्राचे खंडन केले आणि १९८५ साली पद्धतीचीच दिशा बदलली. सुट्या वचनांच्या अस्सलपणापासून आरंभ न करता त्यांनी घटनांपासून आरंभ केला : योहानाकडून बाप्तिस्मा, बारा शिष्यांची निवड, मंदिरातील प्रसंग, रोमन सत्तेकडून वधस्तंभ, आणि शिष्यांच्या चळवळीचे पुढे टिकणे. या सर्व घटनांचा अर्थ लावील असा येशू कोणता, हा त्यांचा प्रश्न होता. बारा ही संख्या इस्राएलाच्या बारा वंशांची खूण आहे हे ध्यानी घेतले, तर येशूच्या कार्याचे क्षेत्र व क्षितिज दोन्ही स्पष्ट होतात.

पुरातत्त्वानेही या दिशेला पुष्टी दिली. गालीलातील पहिल्या शतकाच्या वस्तीत विधिशुद्धीच्या दृष्टीने सोयीची दगडी भांडी व पायऱ्यांची स्नानकुंडे सापडतात, आणि डुकराची हाडे जवळजवळ आढळत नाहीत. मार्क चॅन्सी यांनी २००२ साली हा पुरावा एकत्र करून परराष्ट्रीय गालीलाची कल्पना निराधार असल्याचे दाखविले. २००९ साली मग्दाला येथे पहिल्या शतकातील सभास्थान उघडकीस आले. त्यातील कोरीव शिळेवर यरुशलेमच्या मंदिरातील दीपवृक्षाची आकृती आहे. रेनाँने कल्पिलेली दोन जगे या एका शिळेवर एकत्र आलेली दिसतात.

गेर्ड थाइसेन व डागमार विंटर यांनी १९९७ साली या निकषाचा इतिहास सविस्तर तपासून त्याच्या जागी संभाव्यतेचा निकष सुचविला : जे त्या काळच्या यहूदी संदर्भात संभवते आणि ज्यामुळे पुढील ख्रिस्ती चळवळीच्या उगमाचा उलगडा होतो, ते ऐतिहासिक मानण्यास जागा आहे. जुन्या निकषाने ज्या दोन तारा तोडल्या, त्याच येथे पुराव्याच्या वाहक ठरतात. यापुढे जाऊन डेल ॲलिसन यांनी २०१० साली सुटी वचने पारखण्यापेक्षा परंपरेत वारंवार उमटणारा एकूण ठसा अधिक विश्वसनीय मानला, तर ख्रिस कीथ व अँथनी ल डॉन यांनी २०१२ साली संपादिलेल्या लेखसंग्रहात निकषांची सबंध कल्पनाच तपासणीखाली आली.

नवी दिशा निर्दोष आहे असे मात्र नाही. हनीना बेन दोसाच्या कथा ज्या ग्रंथांत येतात ते येशूच्या काळानंतर कित्येक पिढ्यांनी, काही तर काही शतकांनी, संकलित झाले; होनी हा गालीलातला होता असेही खात्रीने म्हणता येत नाही. ‘संदर्भात बसते’ एवढ्यावरून ‘घडले’ असे ठरत नाही. त्या संदर्भात बसेल असे वचन मंडळीतील कोणा यहूदी शिष्यालाही सुचणे शक्य होते. शिवाय पहिल्या शतकातील यहूदी जीवनात परुशी, सदूकी, एसेनी असे नाना प्रवाह होते. तेव्हा ‘येशू यहूदी होता’ हे विधान खरे असले तरी पुरेसे नाही. कोणत्या प्रश्नावर तो कोणाजवळ व कोणापासून दूर होता, हे एकेका उदाहरणात दाखवावे लागते. घटस्फोटाच्या प्रश्नावर तो दमास्कस लेखाच्या जवळ आहे. शब्बाथावर रोगी बरे करण्याच्या प्रश्नावर तो त्या लेखाच्या कडक नियमांपासून दूर आहे. अशा तुलनेतूनच त्याचे स्वत्व उमटते, आणि ते उमटण्यासाठी कोणत्याही समाजाला काळी पार्श्वभूमी बनविण्याची आवश्यकता पडत नाही.

७

एकंदर विवेचनाचे तात्पर्य असे. श्वाइट्झर यांच्या टीकेनंतर अभ्यासकांनी काटेकोर पद्धतीचा आश्रय घेतला तो स्वतःच्या प्रतिबिंबापासून सुटका व्हावी म्हणून. पण पद्धतीही माणसेच रचतात, आणि त्यांना जे सहज व स्वयंसिद्ध वाटते ते त्यांच्या साधनांत उतरते. विसदृशतेच्या निकषाने ज्या येशूला ‘अस्सल’ ठरविले त्याला ना पूर्वज होते ना वारस. अशी व्यक्ती इतिहासात संभवत नाही. पेरिन यांची विधाने व सँडर्स यांची विधाने शेजारी ठेवली असता फरक दिसतो तो केवळ निष्कर्षांत नव्हे, तर पुराव्याकडे जाताना कोणाची साक्ष आधीच फेटाळली आहे यात. येथे ज्यांची साक्ष फेटाळली गेली तो एक सबंध लोकसमूह होता, आणि त्या लोकसमूहाला याची किंमत ग्रंथांपलीकडेही मोजावी लागली.

श्रद्धेने येशूला काय मानावे, हे सांगणे इतिहासकाराचे काम नव्हे. नासरेथकर येशू गालीलातील सभास्थानात कोणाशी बोलत होता व त्याच्या बोलण्यातले त्यांना काय ओळखीचे वाटत होते, हे सांगणे मात्र त्याचे काम आहे. त्या श्रोत्यांना वगळून वक्त्याचा शोध घेता येत नाही, हा या शंभर वर्षांच्या पद्धतिविचाराचा सर्वांत टिकाऊ लाभ होय.